५५ की ६५? त्याआधी जुना टीव्ही का गेला ते बघू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार वर्षं वापरलेल्या ५० इंची एलईडी टीव्हीचं चित्र एके दिवशी अचानक गेलं, आवाज मात्र अजून येतो. बघायला आलेला माणूस ‘पॅनेल गेलंय, नवीन घ्या’ म्हणाला. आता नवीन घ्यायचाच तर ५५ इंची घ्यावा की ६५, ओएलईडीला जास्तीचे पैसे मोजावेत का, भिंतीवर लावावा की टेबलावर ठेवावा, आणि हा तरी जास्त टिकावा म्हणून काय करावं? सोफा पडद्यापासून साडेनऊ फुटांवर आहे आणि सोफ्याच्या पाठीमागे मोठी खिडकी आहे. जुना टीव्ही भिंतीतल्या कोनाड्यात ‘अगदी फिट’ बसवला होता, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय.

मी अडलो ते नेमका त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर. गेली २० वर्षं मी टीव्ही बसवून देतो आणि दुरुस्त करतो. कुठला घ्यावा हे सगळे विचारतात. आधीचा का गेला हे फार थोडे विचारतात. ते कळलं नाही तर नवा टीव्हीही त्याच कोनाड्यात, त्याच सेटिंगवर लागेल आणि तसाच जाईल.

जुना टीव्ही अजून घरात असेल तर आज रात्री एक करून बघा. खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू करा, आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, थोडा तिरका धरा. त्या उजेडाच्या गोलात पुसट चित्र हलताना दिसतंय का? रिमोटवरून मेनू उघडला तर त्याची अक्षरं वाचता येतात का? दिसली, तर तुमचं पॅनेल ठणठणीत आहे. गेलाय तो त्याच्या मागचा उजेड.

हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या उत्तराचा पाया हाच आहे. दुकानात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून मिळतो तो खरं तर एलसीडीच असतो. एलसीडीचं पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही, ते फक्त मागून येणारा प्रकाश कुठे किती सोडायचा ते ठरवतं. तो प्रकाश देतात मागच्या पट्ट्यांवरचे एलईडी. हे एलईडी दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातला एक उडाला की ती माळ बंद पडते, आणि काहीतरी बिघडलंय हे ओळखून टीव्हीचं सर्किट उरलेल्या माळांचाही पुरवठा तोडतं. म्हणूनच बऱ्याचदा चालू करताक्षणी पडदा एक-दोन सेकंद उजळतो आणि मग काळाठिक्कर होतो, आवाज मात्र चालू राहतो. असं होताना तुम्ही पाहिलं असेल तर टॉर्चचीही फारशी गरज नाही.

पट्ट्या बदलता येतात. ज्याच्याकडून काम करून घ्याल त्याला एवढंच सांगा की फक्त मेलेली पट्टी बदलू नकोस, सगळा संच बदल. बाकीच्या पट्ट्यांनीही तेवढेच तास भोगलेले असतात, एक नवी टाकली तर सहा महिन्यांत शेजारची उडते आणि पॅनेल पुन्हा उतरवावं लागतं. आणि हा उद्योग घरी करू नका. एक तर पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो. दुसरं म्हणजे, उघडं पॅनेल हे साडेतीन-चार फूट रुंदीच्या पातळ काचेपलीकडे काही नसतं. कडेच्या रिबिनी, म्हणजे पातळ चपट्या केबल, जरा ओढल्या गेल्या तर दुरुस्त होणारा टीव्ही कायमचा जातो. माझ्या शिकाऊ दिवसांत एक पॅनेल माझ्याच हातून असं गेलंय. माझे तेव्हाचे उस्ताद अजून भेटले की आठवण काढतात.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही, तर दोष बोर्डात असू शकतो किंवा पॅनेलमध्ये. आणि पडद्यावर उभ्या रेघा असतील, अर्धा भाग गेला असेल किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग दिसत असेल, तर त्या माणसाचं बरोबर आहे. नव्या पॅनेलची किंमत टीव्हीच्या किमतीच्या इतकी जवळ जाते की दुरुस्तीला अर्थ उरत नाही.

मग एलईडी उडाले कशाने? तुमचा टीव्ही मी उघडून पाहिलेला नाही, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझं बोट उष्णतेकडे जातं. एलईडीला जितका जास्त करंट, तितका तो तापतो आणि तितका लवकर मरतो. तुमचा टीव्ही कोनाड्यात चारही बाजूंनी बंद होता, म्हणजे गरम हवा वर निघून जायला वाटच नव्हती. आणि पिक्चर मोड बहुधा ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ असणार, कारण बहुतेक घरांत तोच असतो. दुकानातल्या झगझगीत दिव्यांत शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावं म्हणून असलेला तो मोड आहे. त्यात मागचा उजेड शंभर टक्क्यांवर जातो. बंद कोनाडा, शंभर टक्के उजेड आणि रोजचे आठ-दहा तास असं जमून आलं तर चार वर्षं चालला हेही बरंच.

आता नव्याकडे वळू.

आकाराचं उत्तर सोपं आहे, कारण तुम्ही अंतर मोजून दिलंय. चित्रपट बघताना पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा, असा एक जुना संकेत आहे. हिशोब सोपा: डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर इंचांत घ्या आणि त्याला १.६ ने भागा. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच, भागिले १.६, उत्तर आलं ७१. म्हणजे ५५ पेक्षा ६५ त्या आकड्याच्या जवळ आहे. ५५ आणि ६५ मध्ये फरक दहाच इंचांचा वाटतो, पण ते कर्णाचं माप आहे. क्षेत्रफळात ६५ इंची पडदा सुमारे ४० टक्के मोठा पडतो. ५५ ची रुंदी १२२ सेंटिमीटर असते, ६५ ची १४४.

पण हा हिशोब चित्रपट, सामने आणि चांगल्या प्रतीचं स्ट्रीमिंग बघणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे दिवसभर जुन्या प्रतीची, साध्या रिझोल्यूशनची चॅनेल चालत असतील, तर मोठ्या पडद्यावर त्यांचा फुसकेपणाही मोठा होऊन दिसतो. अशा घरात मी ५५ सुचवतो आणि कोणी नंतर तक्रार केलेली नाही. ठरत नसेल तर दोन्ही मापांचे कागद कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. पहिल्या दिवशी ६५ राक्षसी वाटेल, दुसऱ्या दिवशी नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, पैसे वाचतील. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. ६५ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका पाऊण मिलिमीटरचा असतो, आणि त्या हिशोबाने सुमारे अडीच मीटरच्या पलीकडून तो वेगळा दिसत नाही. तुम्ही बसता २.९ मीटरवर. म्हणजे फुल एचडी आणि फोर-के यांतला नुसत्या ठिपक्यांचा फरकच तुम्हाला जेमतेम जाणवेल. या मापात आता फोर-केच मिळतो, तेव्हा तो घ्या. एट-केचं कोणी सांगायला लागलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला. तुमच्या अंतरावर चित्र चांगलं की वाईट हे ठरवतात काळ्या रंगाचा गडदपणा, उजेड आणि परावर्तन.

परावर्तन म्हणजे तुमची ती मागची खिडकी. तुमच्या खोलीतली सगळ्यात मोठी अडचण हीच, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत! टीव्ही लागणार त्या जागी भिंतीवर कोणाला तरी एक आरसा सपाट धरायला सांगा आणि तुम्ही सोफ्यावर नेहमीच्या जागी बसा. आरशात खिडकी दिसली, तर दुपारच्या प्रत्येक काळोख्या दृश्यात ती तुम्हाला दिसणार आहे. आरसा थोडा खाली झुकवून बघा, थोडा डावी-उजवीकडे वळवून बघा, दुसऱ्या भिंतीवर धरून बघा. खिडकी जिथून सुटते ती टीव्हीची जागा. कुठूनच सुटत नसेल तर जाड पडद्यांची सोय करा. टीव्हीवर ओतलेला पैसा खिडकीला हरवू शकत नाही.

ओएलईडीचा प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे खरोखर काळं, बाजूने बघितलं तरी रंग तसेच. अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर बसल्यावर बाकीचे टीव्ही करडे वाटतात. पण दिवसा खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर त्या काळेपणावर पाणी पडतं, आणि पूर्ण पडदाभर पांढरं चित्र आलं की ओएलईडीची झळाळी चांगल्या एलसीडीपेक्षा कमी पडते. शिवाय यातले ठिपके वापराने झिजतात. पडद्याच्या त्याच कोपऱ्यात तेच बोधचिन्ह, खाली तीच लाल पट्टी असं रोज तासन्‌तास चाललं तर तेवढा भाग इतरांपेक्षा जास्त झिजतो आणि त्याची छाया कायमची राहते. नव्या सेटमध्ये हे टाळायच्या बऱ्याच युक्त्या असतात, धोका पूर्वीपेक्षा कमी झालाय. तरी दिवसभर बातम्यांचं चॅनेल चालणाऱ्या घरात मी ओएलईडी बसवून देताना दोनदा विचारतो.

म्हणून माझं मत असं: मुख्यतः रात्री, दिवे मंद करून चित्रपट-मालिका बघणार असाल तर ओएलईडी घ्या. दिवसा खिडकी उघडी आणि टीव्ही सकाळपासून चालू असेल तर मिनी-एलईडीवाला (मागे खूप सारे बारीक एलईडी असलेला), लोकल डिमिंग असलेला एलसीडी घ्या. लोकल डिमिंग म्हणजे मागच्या उजेडाचे छोटे छोटे भाग पाडलेले असतात आणि चित्रात जिथे काळोख आहे तिथला उजेड टीव्ही कमी करतो. भाग जितके जास्त, तितकं काळं जास्त नेटकं. क्यूएलईडी या नावाने बिचकू नका, तोही एलसीडीच, फक्त रंग जास्त भरीव यावेत म्हणून क्वांटम डॉटचा थर घातलेला.

एलसीडीतही पॅनेलच्या दोन मुख्य जाती आहेत, आणि हे विक्रेता क्वचितच आपणहून सांगतो. व्हीए पॅनेलचं काळं गडद असतं, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण तीन हजारास एक किंवा त्याच्या वर. पण बाजूला बसलेल्याला रंग धुतल्यासारखे दिसतात. आयपीएसचं कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास, काळं करडट, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवरूनही रंग टिकतात. तुमच्या घरी सगळे समोरच बसतात की दोघे-तिघे बाजूला असतात, यावर हे ठरेल. समोर बसत असाल तर डोळे झाकून व्हीए. दुकानात टीव्हीसमोरून हळूहळू बाजूला चालत जा, चेहऱ्यांचे रंग उडायला लागले की कळतं. जो आकार घेणार तोच तपासा, कारण एकाच मालिकेत ५५ ला एक जात आणि ६५ ला दुसरी असं सर्रास असतं.

एचडीआरबद्दल थोडं. म्हणजे झगझगीत आणि काळोखे भाग यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. ‘एचडीआर आहे’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ फक्त एवढाच की टीव्ही तो सिग्नल घेतो. दाखवू शकतो का, हे झळाळीवर अवलंबून. एचडीआरचे चित्रपट बहुधा एक हजार निट्स (झळाळीचं एकक) किंवा त्याहून जास्त झळाळी धरून तयार केलेले असतात, आणि स्वस्त सेट तीनशेच्या आसपास दमतो. अशा सेटवर एचडीआर लावलं की चित्र उलट काळवंडतं, आणि लोक मला ‘टीव्ही बिघडला’ म्हणून बोलावतात.

रिफ्रेश रेटचं, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो त्याचं, असंच. जाहिरातीतला ‘मोशन रेट २४०’ वगैरे आकडा विसरा, पॅनेलचा मूळ आकडा ६० आहे की १२० एवढंच विचारा. गेम खेळणारं कोणी नसेल तर ६० ने काही अडत नाही. खेळणारं असेल तर १२० हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ चं किमान एक पोर्ट बघून घ्या. आत कुठली अ‍ॅप्स आहेत यावरून टीव्ही निवडू नका. पॅनेल दहा वर्षं चालतं, आतला प्रोसेसर पाच वर्षांत म्हातारा होतो. तेव्हा मागे एक स्ट्रीमिंग स्टिक खोचली की काम भागतं.

म्हणजे इथवर ठरलं ते असं: बहुधा ६५, सगळे समोर बसत असतील तर व्हीए पॅनेलचा मिनी-एलईडी, आणि खिडकीचा बंदोबस्त होत असेल व बघणं रात्रीचं असेल तरच ओएलईडी.

भिंत की टेबल? मला विचाराल तर भिंत, पण योग्य उंचीवर. लोक टीव्ही देवाच्या तसबिरीसारखा वर लावतात आणि मग मान धरते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. डोळ्यांची रेषा पडद्याच्या मध्याला किंवा मध्याच्या थोडी खाली आली पाहिजे. म्हणजे ६५ इंचीची खालची कड जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर. बसवणारा माणूस म्हणेल, ‘एवढा खाली बरा दिसत नाही.’ त्याला उभं राहून बघायचंय, तुम्हाला बसून.

तो कोनाडा मात्र आता सोडा. अगदीच सोडवत नसेल तर वर आणि दोन्ही बाजूंना किमान चार इंच मोकळे राहतील असं बघा. मागच्या जाळीला हवा लागली पाहिजे.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं मिलिमीटरमधलं अंतर बघा, त्याला वेसा माप म्हणतात: २०० बाय २००, ४०० बाय ४०० असं. ब्रॅकेटवर लिहिलेली वजनाची मर्यादा टीव्हीच्या वजनाच्या बरीच वर असू द्या. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर नेहमीचे अँकर चालतात. पोकळ विटेची किंवा बोर्डाची असेल तर नुसत्या बोर्डात स्क्रू मारू देऊ नका, मागचा आधार शोधून त्यातच मारायला लावा. स्क्रूची लांबीसुद्धा महत्त्वाची. टीव्हीत जाणारे स्क्रू गरजेपेक्षा लांब असले तर ते आतल्या बोर्डाला किंवा थेट पॅनेलच्या पाठीला भोसकतात. एका घरी नवाकोरा टीव्ही टांगताना शेवटचा स्क्रू ‘जरा जड जातोय’ म्हणून जोर लावला गेला, आणि पडद्यावर मधोमध काळा डाग उमटला. असलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

टेबलच वापरायचं असेल तर हल्लीच्या टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, ६५ इंचीला ते अंतर बऱ्याचदा मीटरच्या वर जातं. टेबल मोजल्याशिवाय टीव्ही मागवू नका. घरात लहान मूल असेल तर टीव्ही मागून पट्ट्याने भिंतीला बांधा. यात चालढकल नको.

खोकं घरी आलं की त्याचा बाहेरून फोटो काढा, दबलेलं असेल तर उघडायच्या आधी आणणाऱ्याला दाखवा. टीव्ही कायम उभा ठेवायचा, दोघांनी कडांना धरून उचलायचा, पडद्यावर बोटांचा दाब नको. भिंतीवर चढवायच्या आधीच एकदा चालू करा, पूर्ण पांढरा आणि पूर्ण करडा पडदा लावून मेलेले ठिपके आणि डाग बघा, सगळ्या एचडीएमआय जागा तपासा. टांगल्यावर काही निघालं तर सगळी उतराउतर.

आता सेटिंग. टीव्ही जास्त टिकण्याचं गुपित म्हणाल तर बरंचसं इथेच आहे. पहिल्यांदा चालू केल्यावर तो ‘होम की स्टोअर’ असं विचारतो. ‘होम’ निवडा. चुकून ‘स्टोअर’ निवडलं गेलं तर उजेड कमी केला तरी काही वेळाने आपोआप पुन्हा शंभरवर जातो, आणि माणूस रिमोटला दोष देत बसतो. मग पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये कंपन्यांनी चित्रपट दिग्दर्शकांशी बोलून आणला, तो बरीचशी प्रक्रिया बंद करतो. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना चार वर्षं निळसर पांढऱ्याची सवय लागलीय म्हणून. आठवडाभर ठेवा आणि मग परत व्हिविडवर जाऊन बघा. स्वतःच नाक मुरडाल.

‘बॅकलाइट’ आणि ‘ब्राइटनेस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यात जवळजवळ सगळे फसतात. मागच्या दिव्यांची ताकद बॅकलाइटने ठरते. ब्राइटनेसने, जुन्या पद्धतीच्या मेनूत तरी, काळा रंग किती काळा ते ठरतं. तो वाढवला तर काळं करडं होतं, कमी केला तर अंधारातले चेहरे गडप होतात. काही कंपन्यांनी अलीकडे बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणायला सुरुवात केलीय आणि जुन्याला ‘ब्लॅक लेव्हल’. म्हणून नावावर जाऊ नका. पट्टी खालीवर करून काळी जागा बदलते की सगळा पडदाच मंद-तेज होतो ते बघा. सगळा पडदा बदलतो ती पट्टी रात्री ३० ते ४० च्या आसपास आणि दिवसा ६० च्या आसपास ठेवून पाहा. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण कायम शंभर नको एवढं पक्कं. तुमच्या जुन्या टीव्हीचा हा कदाचित मुख्य गुन्हेगार.

शार्पनेस शून्याकडे न्या. शार्पनेसने तपशील वाढत नाही, कडांना पांढरी किनार लागते. काही सेटमध्ये मध्यम आकडा ‘तटस्थ’ असतो, तेव्हा पडद्यावरच्या अक्षरांभोवतीची किनार जाईपर्यंतच कमी करा. ‘मोशन स्मूदिंग’ किंवा त्या अर्थाचं जे काही नाव असेल ते चित्रपटांसाठी बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून घालतो आणि मोठा चित्रपट घरगुती कॅमेऱ्याने काढल्यासारखा दिसतो. सामन्यांना हवं तर चालू ठेवा. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, म्हणजे खालची बातम्यांची पट्टी अर्धवट दिसत असेल, तर चित्राचा आकार ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ करा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन त्याचं आउटपुट १०८० वर आहे ना ते बघा. नवा टीव्ही घेऊनही बॉक्स वर्षानुवर्षं जुन्या रिझोल्यूशनवर ठेवलेली घरं मी ढिगाने पाहिलीत. गेम कन्सोल लावाल तर त्या एचडीएमआय पोर्टचं ‘एन्हान्स्ड’ सेटिंग वेगळं चालू करावं लागतं, नाहीतर पोर्ट अर्ध्या क्षमतेनेच चालतो.

फोर-के स्ट्रीमिंगला सलग १५ ते २५ एमबीपीएस मिळाले की पुरतात. वायफाय अडखळत असेल तर लॅनची वायर ओढा. आणि टीव्हीच्या गोपनीयतेच्या मेनूत तुम्ही काय बघता त्याची नोंद ठेवणारं एक सेटिंग असतं, तेवढं बंद करा.

आवाजाबद्दल फार काही सांगायचं नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, संवाद पुसट येणारच. साधा साउंडबार घ्या आणि एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या जागेतच लावा.

निगा म्हणजे मुख्यतः काय करायचं नाही त्याची यादी. काच पुसायचा फवारा पडद्यावर कधीही मारायचा नाही. त्यातल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने वरचा लेप जातो. आणि थेंब ओघळून खालच्या कडेत उतरतात, जिथे पॅनेलच्या बारीक रिबिनी चिकटवलेल्या असतात. आठवडाभराने खालून वर उभ्या रेघा यायला लागतात आणि ‘आम्ही काहीच केलं नाही’ असं सगळे म्हणतात. टीव्ही बंद करून गार होऊ द्या, कोरडं मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने फिरवा. डाग निघत नसेल तर कापडाला डिस्टिल्ड वॉटरचा जेमतेम ओलावा द्या, आधी कापडाला, पडद्याला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मागच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा.

वीज. टीव्हीच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर किरकोळ चढउतार तो स्वतः सांभाळतो, वेगळा स्टॅबिलायझर बहुधा लागत नाही. लागतो तो सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक झटका अडवणारा, आणि त्यामागे अर्थिंग खरं असलं तरच त्याला अर्थ. गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, पण अँटेना किंवा डिशची केबल आणि लॅनची वायरही काढा. विजेच्या झटक्याने गेलेले कितीतरी टीव्ही मी पाहिलेत ज्यांचा प्लग काढलेला होता आणि केबल तशीच राहिली होती. ओएलईडी घेतलात तर एक अपवाद लक्षात ठेवा: रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका. काही तास चालल्यावर रिमोटने बंद केला की तो स्टँडबायमध्ये ठिपक्यांची झीज सारखी करण्याचं काम करतो. वीजच तोडली तर ते राहून जातं. वादळ असेल त्या रात्रीचं वेगळं. एलसीडीला हा नियम नाही, खुशाल मुख्य बटण बंद करा.

टॉर्च लावून काय दिसलं ते कळवा. चित्र दिसलं असेल तर मॉडेल क्रमांकही द्या, मागच्या लेबलवर असतो. पट्ट्या बदलून तो दुसऱ्या खोलीत लावण्यासारखा आहे का ते सांगतो. आणि आरशात खिडकी दिसली की नाही, तेही.